‘कोणत्याही वेळी येईन’ असे अर्जात लिहू नकोस

प्रश्न : ताई, मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्वतःच्या खर्चापुरते पैसे मिळावेत म्हणून मला फास्ट फूडच्या दुकानात अर्धवेळ नोकरीसाठी अर्ज करायचा आहे. पण मी आजवर कुठेच काम केलेले नाही, त्यामुळे अनुभवाच्या रकान्यात काय लिहावे हे कळत नाही. मित्र सांगतो की कामाच्या वेळेपुढे ‘कोणताही दिवस, कोणतीही वेळ’ असे लिही, नाहीतर बोलावणारच नाहीत. मला मात्र सकाळी प्रात्यक्षिके असतात आणि सत्राच्या शेवटी परीक्षा आहे. शिवाय वर्गातल्या कुणी मला गणवेशात काउंटरवर उभे पाहिले तर, हा विचारही मनातून जात नाही. काय करू?

उत्तर : अनुभव नाही याची तू जेवढी धास्ती घेतली आहेस तेवढी घेण्याचे कारण नाही, कारण या व्यवसायाची घडणच नवख्या माणसाला गृहीत धरून झालेली आहे. १९४८ मध्ये मॅकडोनाल्ड बंधूंनी कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथील आपले उपाहारगृह बंद ठेवून नव्या पद्धतीने उघडले, तेव्हा त्यांनी पदार्थांची यादी मोजकीच ठेवली आणि स्वयंपाकघरातले काम कारखान्यासारखे लहान लहान टप्प्यांत वाटून टाकले. एकाने भाजायचे, दुसऱ्याने बांधून द्यायचे, अशी विभागणी झाल्यावर कसलेल्या स्वयंपाक्याची गरज उरली नाही. थोडक्या दिवसांत शिकवता येईल असा माणूस पुरेसा ठरला. आजही एकाच नावाने अनेक दुकाने चालवणाऱ्या बहुतेक साखळ्या याच रीतीने चालतात आणि तळण किती वेळ ठेवायचे हे घड्याळ सांगते. तेव्हा अनुभवाचा रकाना कोरा सोडू नकोस, पण त्यात खोटेही भरू नकोस. महाविद्यालयातील कार्यक्रमात पैशांचा हिशेब ठेवला असेल, प्रवेशाची रांग सांभाळली असेल किंवा लहान मुलांच्या शिकवण्या घेतल्या असतील, तर ते एकेका वाक्यात लिही.

व्यवस्थापक अर्ज हातात घेतल्यावर जे आधी शोधतो ते असते कामाच्या वेळांचे उत्तर, आणि नेमके तिथेच तुझा मित्र तुला चुकीचे शिकवतो आहे. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाची वेळ, सुट्टीचे दिवस आणि दुकान बंद करण्याची पाळी या जागा भरणे हीच त्याची रोजची डोकेदुखी असते. तू ‘कोणतीही वेळ’ असे लिहिलेस की तो प्रात्यक्षिकांच्या सकाळीही तुझे नाव पाळीच्या तक्त्यात घालणार, आणि मग तुला एकतर तास बुडवावा लागेल किंवा ऐनवेळी नाही म्हणावे लागेल. ऐनवेळी नाही म्हणणाऱ्याच्या पाळ्या पुढे कमी होत जातात. त्याऐवजी आठवड्याचे वेळापत्रक समोर ठेवून ‘सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी पाचनंतर, शनिवार-रविवार पूर्ण दिवस’ असे नेमके लिही, आणि परीक्षेच्या तारखा मुलाखतीतच सांगून टाक. सुट्टीच्या दिवसांची संध्याकाळ मोकळी ठेवणारा विद्यार्थी त्याला हवाच असतो, त्यामुळे यात तुझे नुकसान होण्याची शक्यता कमी आहे.

अर्ज ऑनलाइन भरला असला तरी एकदा दुकानात जाऊन ये, मात्र गर्दीच्या वेळी नव्हे. दुपारी तीन-चारच्या सुमारास व्यवस्थापकाला दोन मिनिटे बोलायला सवड असते. मुलाखतीत ‘ग्राहक चिडला तर काय कराल’ हे बहुधा विचारतातच. त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेईन, चूक आमची असेल तर माफी मागून ऑर्डर बदलून देईन, आणि तरीही मिटले नाही तर वरिष्ठांना बोलावीन, एवढे उत्तर पुरे. तिथे मोठेपणाचे भाषण नको. नखे कापलेली असू देत, कारण हा खाद्यपदार्थांशी संबंध येणारा व्यवसाय आहे आणि तुझ्या हातांकडे पाहिले जाईल.

तूही काही गोष्टी विचारून घे. तासाचा दर किती, प्रशिक्षणाच्या काळाचे पैसे मिळतात का, आठवड्याला साधारण किती तास मिळतील आणि पाळ्यांचा तक्ता किती दिवस आधी लागतो, हे विचारण्यात संकोच करू नकोस. दुकान बंद करण्याच्या पाळीबद्दल तर विशेष विचार, कारण शटर पडल्यावरही तेलाची यंत्रे, ओटे आणि फरशी यांची स्वच्छता उरलेली असते; सुटका नेमकी किती वाजता होते आणि तेवढ्या रात्री घरी कसे जायचे, हे आधी ठरलेले बरे. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा गणवेशाची अनामत म्हणून कुणी आगाऊ पैसे मागितले, तर ती नोकरी नाही, फसवणूक आहे असे समजून तिथून निघ.

राहता राहिले वर्गातल्यांचे. ते येतील, ऑर्डर देतील, कुणी एखादी टिंगलही करील; पण गर्दीच्या वेळी तुला तिकडे लक्ष द्यायला फुरसत नसेल, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्यातलाच एखादा हळूच येऊन तिथे जागा आहे का म्हणून विचारील. फारच अवघड वाटत असेल तर पहिल्या काही आठवड्यांसाठी स्वयंपाकघरातले काम माग. तसे सांगितले तर कुणाला वावगे वाटत नाही.

आठवडाभरात उत्तर आले नाही तर एकदा विचार, आणि नकार आला तर त्याच नावाच्या दुसऱ्या शाखेत खुशाल अर्ज कर. अनेक साखळ्यांच्या शाखा वेगवेगळे फ्रँचायझीधारक, म्हणजे कंपनीचे नाव वापरण्याचा परवाना घेतलेले मालक, चालवतात आणि माणसे नेमण्याचा निर्णय ज्याचा त्याचा असतो.