स्पीकर बदलू नका, आधी वायर लावून बघा

तुमची पोस्ट वाचली आणि चार वर्षांपूर्वीचा मीच दिसलो. ब्लूटूथ स्पीकरवर यूट्यूब झकास, पण एडिटिंग करताना ओठ आधी हलतात नि आवाज मागून येतो; स्पीकर बदलू की सॉफ्टवेअर, असं विचारलंय. दोन्ही नको. रीस्टार्ट, ड्रायव्हर वगैरे करून झालं असेलच, ते सोडतो.

फक्त एक करू नका: आवाजाचा ट्रॅक सरकवू नका. मी सरकवला होता. इथे इंदूरला रामबागेत भाच्याची मुंज, एडिटिंग अर्थातच मामाच्या गळ्यात. स्पीकरवर ऐकत ऐकत आवाज पाच फ्रेम अलीकडे ओढला, ओठ जुळले, एक्स्पोर्ट केलं, चौदा पेन ड्राइव्ह वाटून मोकळा झालो. ताईकडे टीव्हीवर लावलं तर गुरुजींनी तोंड उघडायच्या आत ‘सावधान’! भावोजी अजून मला सावधानमामाच म्हणतात. चौदाच्या चौदा घरी जाऊन पेन ड्राइव्ह परत मागून आणले, ते वेगळंच.

ब्लूटूथवर आवाज आधी दाबून पाठवला जातो, स्पीकर तो थोडा साठवून मग उलगडतो. एसबीसी या साध्या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज दाबायच्या-उलगडायच्या पद्धतीत, यात २०० मिलिसेकंदांच्या आसपास सहज जातात. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे झाल्या पाच फ्रेम. यूट्यूब चित्रालाही तेवढं थांबवतं, म्हणून तिथे कळत नाही. तुमची फाइल ठणठणीत आहे. शिवाय आवाज जरा मागे पडला तर माणूस खपवून घेतो, पुढे गेला की लगेच खटकतो. म्हणजे मी नेमकी वाईट बाजू निवडली.

त्याआधी स्पीकर सर्व्हिस सेंटरला देऊन अकरा दिवस घालवले होते. काउंटरवरच्या साहेबांनी एक गाणं लावलं, ‘सर, आवाज तो आ रही है ना?’ म्हणाले आणि तपासणीचे पैसे घेतले. लॅपटॉप सोबत नेला होता, त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. असो, रक्तदाब वाढतो.

प्रीमियर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की आवाज टेलिफोनसारखा होतो, ही तुमची दुसरी तक्रार वेगळी आहे. स्पीकरला माइक असतो, सॉफ्टवेअर तोच इनपुट म्हणून धरतं आणि ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातं. ऑडिओ हार्डवेअरच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट इनपुट ‘नो इनपुट’ करा. (मी विंडोजवाला, मॅकचं मला विचारू नका. नोकरी बँकेत आहे, साउंड इंजिनिअर नाही.)

एडिटिंगला वायरचा हेडफोनच घ्या, साधा चालतो. लॅपटॉपला गोल पिन नसेल तर यूएसबीचा छोटा कन्व्हर्टर मिळतो, इथे इंदूरच्या जेल रोडला तर ढिगाने.

वायरनेही सुरुवातीला जुळतं आणि पुढे पुढे घसरत जातं, असं झालं तर मात्र दोष ब्लूटूथचा नाही. मोबाइलचं शूटिंग बहुतेक वेळा बदलत्या फ्रेम रेटचं असतं. हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ कन्व्हर्टर सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट (न बदलणारा) फ्रेम रेट करून मगच टाइमलाइनवर घ्या. तरीही घसरलं तर फोनचं मॉडेल आणि क्लिप किती मिनिटांची आहे ते लिहा, रात्री जेवण झाल्यावर बघतो.