आजोबांचे मोडी कागद, राठवांची भिंत आणि आत्याच्या ओव्या: तुमचे प्रश्न

या वेळचे चारही प्रश्न बडोद्यातलेच आहेत. दुसऱ्यावर जरा जास्त लिहिलंय, कारण तसे मेसेज हल्ली फार येतात.

आजोबा गायकवाडी नोकरीत होते, माळ्यावर मोडी कागदांची ट्रंक निघाली. कडा तुटतायत. लॅमिनेट करून घेऊ का? मोबाईलने फोटो काढले तर चालेल? (रावपुरा)

लॅमिनेट अजिबात नको! एका घरी मी दुकानातून लॅमिनेट करून आणलेला कागद बघितलाय, गरम होऊन प्लास्टिक असं चिकटलंय की सोडवायला गेलं तर शाईसकट कागद निघेल. फोटो मोबाईलने बिनधास्त काढा. खिडकीजवळ पण थेट ऊन नको, पंखा बंद, फ्लॅश बंद, खाली काळं कापड आणि शेजारी पट्टी ठेवा म्हणजे साइज कळतो. घडी उलगडत नसेल तर जोर लावू नका. मागची बाजूपण घ्या, कारण गावाचं नाव, तारीख बरेचदा तिथेच खरडलेली असते. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि बोरूची वळणं गिचमीड होतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तीन कॉप्या करा, एक दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवा. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये आहे, म्हणजे वाचून घेतलेला मजकूर मोडीतच टाइपही करता येतो, पण कागदातले 'भाऊसाहेब' म्हणजे नक्की कोणते हे घरातलं मोठं माणूसच सांगणार, तेव्हा त्यांना शेजारी बसवा आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा.

कॉलेज प्रोजेक्टसाठी छोटा उदेपूरकडे एका राठवा आदिवासी घरात पिठोराचा विधी रात्रभर शूट केला. घरच्यांनी हो म्हटलं होतं. युट्यूबवर टाकू ना? (मांजलपूर)

अजून टाकू नकोस. शूटिंगला हो म्हणणं वेगळं आणि सगळ्या जगाने बघायला हो म्हणणं वेगळं, त्या रात्री त्यांना हे दुसरं कोणी विचारलं होतं का?

आपण पिठोराला वॉल पेंटिंग म्हणतो तिथेच गडबड होते. घरात आजारपण येतं, गुरंढोरं दगावतात, बडवो (त्यांचा पुजारी) सांगतो, मग बाबा पिठोरा या देवाची मानता (नवस) घेतात. ओसरीची भिंत कुमारिका शेणाने आणि पांढऱ्या मातीने सारवतात, लखारे (चित्र काढणारे) रंगात दूध आणि महुड्याची (मोहाची) दारू कालवून घोडे काढतात, आणि शेवटी बडवो ते चित्र वाचतो, काही राहिलंय का बघतो, मगच ते पूर्ण होतं. मी एकदा तेजगढजवळ एका घरी बसले होते, मोबाईलवर त्यांच्याच भिंतीचा फोटो होता, म्हातारे काका बोट ठेवून एकेक घोडा कोणाचा ते सांगत होते. एका ठिकाणी बोट थांबलं. हे असं दिवसा बोलायचं नाही म्हणाले, फोन उलटा ठेवायला लावला. माझ्या फोटोत तो घोडा बाकीच्यांसारखाच दिसत होता, काका बोलले नसते तर मला कधीच कळलं नसतं.

ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगु लोकांनी यावर चांगली वाट काढलीय. २००७ च्या सुमाराला त्यांच्यासोबत बसून 'मुकुर्तु' नावाचं डिजिटल अर्काइव्ह बनवलं गेलं, त्यात काही गोष्टी फक्त बायकांना, काही फक्त पुरुषांना, काही त्या कुटुंबालाच दिसतात, वारलेल्या माणसाचा फोटो असेल तर आधी सूचना येते. कोणी काय बघायचं हे समाज ठरवतो, कॉम्प्युटरवाले ठरवत नाहीत.

तेव्हा पेन ड्राइव्ह घेऊन परत जा, त्याच ओसरीत सगळ्यांना व्हिडिओ दाखव. काय झाकायचं, लखाऱ्यांची नावं कशी द्यायची, सगळं त्यांना विचार आणि एक कॉपी त्यांच्याकडेच ठेव. तेजगढच्या आदिवासी अकादमीतही जाऊन ये, हे काम तिथे वर्षानुवर्षं चाललंय. चाळीस मिनिटांची चारच राहिली तरी चालेल.

आजीबाईचा बटवा फेसबुकवर टाकला तर कोणी पेटंट घेईल का? (दांडिया बाजार)

उलट आहे, आधीच लिहून जाहीर झालेल्या गोष्टीचं पेटंट टिकत नाही. हळदीने जखम भरते यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं, आपल्या सरकारी संशोधन संस्थेने, सीएसआयआरने, जुने लेखी पुरावे दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. त्यातूनच २००१ ला टीकेडीएल ही डिजिटल लायब्ररी सुरू झाली, तिथे आयुर्वेद-युनानीच्या ग्रंथांतली माहिती पाच परदेशी भाषांत आहे. पण ती मुख्यतः पुस्तकांतली, जंगलातल्या वैद्याने तोंडी सांगितलेली मुळी त्यात नसते. घरचं हळद-दूध खुशाल टाका, वैद्याची मुळी मात्र त्याला विचारल्याशिवाय नाही.

आत्या ८४ वर्षांची आहे, जात्यावरच्या ओव्या येतात. एक एआय अॅप फुकटात लिहून देतं, अपलोड करू? (वाडी)

आधी अटी वाचा, रेकॉर्डिंग त्यांच्याकडे राहणार असेल तर नको. न्यूझीलंडच्या माओरी रेडिओवाल्यांनी, 'ते हिकु मीडिया' या संस्थेने, २०१८ मध्ये दहा दिवसांत लोकांकडून ३०० तासांहून जास्त वाचन गोळा केलं आणि आपल्या भाषेचं एआय स्वतः बनवलं, बाहेरच्यांनी डेटा मागितला तर दिला नाही. आपल्याकडेही हेमा राइरकर आणि गी प्वात्व्हँ यांनी सुरू केलेल्या कामातून लाखाच्या वर ओव्या जमा झाल्यात, आणि त्यांत गाणारीचं नाव, गाव जपलंय.

तुम्ही स्वतःच लिहून घ्या. रेकॉर्डिंग वेव्ह फॉरमॅटमध्ये करा, प्रत्येक ओवीआधी ती कोणाकडून शिकली हे आत्याला बोलू द्या. आणि जातं असेल तर समोर मांडा, मूठभर दाणे घाला. नुसतं 'म्हणा' म्हटलं की दोन ओव्यांत आटोपतं, खुंटा हातात आला की आठवत जातं.