रेडिओवर नगरसेवकाला बोलवू का?

प्रश्न: आमच्या तालुक्यातल्या कम्युनिटी रेडिओवर मला दर आठवड्याला तासभर मुलाखती घ्यायला सांगितलंय, पेपर, पुस्तकं, राजकारण सगळंच चालेल म्हणतात. नगरसेवकाला बोलावलं तर चालेल ना?

उत्तर: अहो, आधी थांबा. कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या आणि राजकीय चर्चा करायला परवानगी नाही, 2006 च्या धोरणात स्वयंसेवी संस्थांनाही स्टेशन काढायची मुभा मिळाली पण ही अट तशीच राहिली (मला ती पटत नाही, पण लायसन्स स्टेशनचं आहे, आपलं नाही). पाणी, वीज, परीक्षा, हवामान यांची माहिती चालते. म्हणजे नळाला पाणी कधी येणार हे नगरसेवक सांगू शकतो, विरोधी पक्षाचा उद्धार मात्र नको. आणि प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग 3 महिने जपून ठेवावं लागतं, त्यामुळे "मी तसं बोललोच नाही" ही सोय कुणालाच नाही!

राजकारणच करायचंय तर वेगळा पॉडकास्ट काढा, तिथे ही अट नाही, अब्रुनुकसानीचा कायदा मात्र आहेच.

पुस्तकवाल्यांचं सोपं वाटतं पण तिथेच जास्त घोळ होतो, कारण पुस्तक न वाचता "लेखनाकडे कसे वळलात" विचारलं की पाहुणा पाठ केलेलं भाषण सुरू करतो आणि वीस मिनिटं गेली. त्यापेक्षा एक पान उघडून चार ओळी त्यांनाच वाचायला लावा आणि हे का ठेवलं, काय काढलं ते विचारा. एका वेळी एकच प्रश्न, आणि मध्ये मध्ये "हो हो, बरोबर" करू नका, एडिटिंगला वैताग येतो. हो, आणि रेकॉर्डिंग करताना पंखा बंद, आवाज येतो.