पत्रातली गोष्ट एवढी का धरून ठेवते?

प्रश्न : वाचनालयातनं ‘ड्रॅक्युला’ आणली, ती रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युलाची कादंबरी. सगळी पत्रं, डायऱ्या नि तारा, म्हटलं हे काय जमायचं नाही, पण रात्री दोनला संपवूनच झोपले. असं का होतं? – एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, कारण लिहिणाऱ्यालाच उद्याचं माहीत नसतं! एरवी कादंबरी सांगणाऱ्याला शेवट ठाऊक असतो, इथं जोनाथन हा तरुण वकील काउंटच्या किल्ल्यात अडकलाय, सुटणार का नाही हे त्यालाच कळंना, आणि आपण त्याच्या खांद्यावरनं वाचतोय. पुस्तक १८९७ चं, तरी त्यात फोनोग्राफवर, म्हणजे आवाज टिपायच्या जुन्या यंत्रावर, बोललेली डायरी आहे, टाइपरायटर आहे, आणि जोनाथनची बायको मीना सगळ्यांचे कागद टाइप करून तारखेप्रमाणं लावते तेव्हा कुठं त्या सगळ्यांना काउंट नीट कळतो, मला तो भाग लई आवडतो.

हा प्रकार तसा जुना. रिचर्डसन हा लंडनचा छापखानेवाला, लोकांसाठी नमुन्याच्या पत्रांचं पुस्तक लिहीत होता, त्यातनंच त्याला ‘पामेला’ ही पत्रांचीच कादंबरी सुचली, १७४० ला.

पण खरं सांगू का, पत्रात जे लिहिलेलं नसतं तेच जास्त बोलतं. आमच्या आजीच्या ट्रंकेत आजोबांचं एक निळं आंतर्देशीय आहे, मजकूर सगळा ऊस, पाऊस, म्हशीचा, जागा संपल्यावर मात्र कडेला आडवं, बारीक अक्षरात लिहिलंय, ‘तू कधी येणार?’ घडीवर ती ओळ पार झिजलीय.