टेबलावरचं बोलणारं मुंडकं: आरसे का ओळखू येतात?

कोल्हापुरात शाळेच्या गॅदरिंगला हा जादूचा प्रयोग करताय आणि आरसे ओळखू येतात, ते का, असं विचारलंय. कल्पना थॉमस टोबिनची. जादूगार स्टोडेअरनं १८६५ मध्ये लंडनला रंगमंचावर आणली. टेबल तीन पायांचं. एक पाय प्रेक्षकांकडे, तिथून मागच्या पायांपर्यंत दोन आरसे, मध्ये कोन ९० अंशांचा. आरशांमागे माणूस लपतो, टेबलावर त्याचं फक्त डोकं दिसतं. आरशात दिसतात बाजूचे पडदे, लोकांना वाटतं मागचाच दिसतोय. म्हणून तिन्ही पडदे एकाच ताग्यातले, टेबलापासून सारख्याच अंतरावर. मांडववाल्यानं बाजूला वेगळा रंग बांधला की संपलं! सतरंजी बिनपट्ट्यांची. अॅक्रिलिकचा आरसा वाकतो, काचेचाच घ्या. बोटांचे डाग शेवटच्या क्षणी पुसा. जादूगार बाजूला उभा राहिला तर टेबलाखाली त्याचेच पाय दिसतात, मागे राहिला तर गायब होतात. त्यानं पुढच्या पायाच्या पुढेच राहावं.