वाचकांचे प्रश्न : वृद्ध रुग्णाची गुंगी आणि थंड पडलेले पाऊल

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात वॉर्डमध्ये परिचारिका आहे. जुना मधुमेह असलेल्या 78 वर्षांच्या एका आजी न्यूमोनियासाठी दाखल आहेत. काल त्या नीट बोलत होत्या. आज सकाळपासून हाक मारली तरच डोळे उघडतात आणि काहीतरी असंबद्ध बोलून पुन्हा झोपी जातात. मी जीसीएस (ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे शुद्धीची पातळी गुणांत मोजण्याची पद्धत) 13 अशी नोंद केली आहे. नातेवाइकांच्या मते वयामुळे आणि जागरणामुळे असे होत असावे. त्यांचे उजवे पाऊल डाव्यापेक्षा थंड लागते, म्हणून मुलीने गरम पाण्याची पिशवी आणली आहे. अशा वेळी नेमके काय पाहावे?
— एक परिचारिका, सातारा जिल्हा

उत्तर : काल बोलणारे माणूस आज बोलत नसेल, तर त्याचे कारण वय हे नव्हे. एका रात्रीत शुद्धीत पडलेला फरक हा आजाराचा भाग आहे असे धरूनच पुढचे पाऊल उचलावे. ‘आजी एरवी कशा असतात आणि शेवटच्या अगदी ठीक कधी होत्या?’ हा प्रश्न मुलीला विचारून उत्तर वेळेसह लिहून ठेवा. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवण्याच्या इंजेक्शनचा निर्णय त्या वेळेवर ठरतो आणि त्यासाठी साधारणपणे साडेचार तासांचीच मुदत असते. त्यासाठी चेहरा एका बाजूला ओढला गेला आहे का, एक हात गळतो का, हेही पाहून घ्या.

मात्र सर्वांत आधी बोटातून रक्तातील साखर तपासा. आजारपणात जेवण कमी झालेले असते आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिलेले असते. साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर बाकीची तपासणी थांबवून आधी ती वाढवण्याची व्यवस्था करावी, आणि गुंगीतल्या रुग्णाच्या तोंडात साखरेचे पाणी कधीही ओतू नये. त्यानंतर श्वासाचा वेग, रक्तदाब, तापमान आणि ऑक्सिजन पाहावा. हात गार असतील, तर बोटावरचा ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो, म्हणून हात उबदार करून किंवा कानाच्या पाळीवर लावून पुन्हा पाहावे. ताप नाही म्हणून जंतुसंसर्ग वाढलेला नाही असेही मानू नये, कारण उतारवयात न्यूमोनिया वाढल्याची पहिली खूण पुष्कळदा गुंगी हीच असते.

आता तुमच्या 13 या आकड्याविषयी. ग्लासगो येथे 1974 मध्ये तयार झालेल्या या मापनात डोळ्यांना 4, बोलण्याला 5 आणि हालचालीला 6 असे गुण असतात. नुसते 13 लिहिले, तर ते कशातून कमी झाले हे रात्रीच्या ड्यूटीवरील परिचारिकेला कळत नाही. तुमच्या वर्णनावरून, आजी सांगितल्याप्रमाणे हात उचलत असतील, तर डोळे 3, बोलणे 4, हालचाल 6 अशी फोड होते, आणि ती तशीच लिहायला हवी. एकूण 2 गुण घसरले किंवा हालचालीचा एक जरी गुण कमी झाला, तर राऊंडची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

बोलण्याचे गुण देताना मी फार जपून राहते. शाळेत न गेलेल्या आजींना इंग्रजी तारीख विचारली आणि ती सांगता आली नाही म्हणून गुण कापला, तर तो दोष प्रश्नाचा आहे. त्यांना आत्ता कुठे आहात, सोबत कोण आहे, नुकताच कोणता सण झाला, एकादशी होऊन गेली का, असे विचारावे. लक्ष टिकते का हे पाहण्यासाठी आठवड्याचे वार शनिवारपासून उलटे सांगायला लावावेत. मधेच धागा सुटत असेल आणि काही तासांत ही स्थिती कमी-जास्त होत असेल, तर तो बहुधा तीव्र भ्रम, म्हणजे डिलिरियम असतो. आरडाओरडा करणारा भ्रम सर्वांना दिसतो, पण गप्प पडून राहणाऱ्या रुग्णाचा भ्रम ‘शांत झोपल्या आहेत’ एवढ्या शेऱ्यावर निसटतो. तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, सोडियम कमी होणे, झोपेची किंवा सर्दीची गोळी, काही दिवसांपूर्वी डोक्याला लागलेला मार, ही कारणे शोधायला हवीत, आणि श्रवणयंत्र व चष्मा पिशवीतच राहिला आहे का, हेही.

पावलाकडे मात्र लगेच वळा, कारण गुंगीतल्या माणसाला पाय दुखतो हे सांगता येत नाही आणि जुन्या मधुमेहात वेदना मुळातच बोथट झालेली असू शकते. दोन्ही पायांवरची पांघरुणे बाजूला करून रंग शेजारी शेजारी पाहा आणि हाताच्या मागच्या बाजूने, गार कुठून सुरू होते ते वरून खाली तपासा. पावलाच्या वरच्या बाजूची आणि आतल्या घोट्यामागची नाडी दोन्हीकडे चाचपा. बोटाचे टोक दाबून सोडल्यावर लाली परत यायला डाव्यापेक्षा उशीर होतो का, बोटे हलवता येतात का, पोटरी दाबल्यावर चेहरा आक्रसतो का, हे पाहा. एकच पाय अचानक गार व फिकट पडणे आणि नाडी न लागणे म्हणजे रक्तपुरवठा तुटल्याचा संशय, आणि त्यात साधारण सहा तासांच्या पुढे स्नायू वाचवणे अवघड होत जाते. मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. ती अनियमित असेल, तर हृदयात तयार झालेली गुठळी मेंदूकडे किंवा पायाकडे गेलेली असू शकते, म्हणून गुंगी आणि गार पाऊल ही एकाच फोनवर, एकत्र सांगा.

गरम पाण्याची पिशवी मुळीच लावू नका. रक्त न पोहोचणारी कातडी उष्णता वाहून नेऊ शकत नाही, आजींना चटका कळणार नाही, आणि तिथे आलेला फोड महिनोन्‌महिने भरत नाही. पाय उशीवर उंच करू नका, चोळू नका, मऊ कापडात सैल गुंडाळून ठेवा आणि टाच गादीवर रुतू देऊ नका. शुद्ध तपासण्यासाठी पायाच्या नखावर दाब देणेही टाळा. आधीच उपाशी असलेल्या बोटांना इजा होते आणि बधिर पायाचा प्रतिसाद फसवतो. गरज पडलीच, तर खांद्याचा स्नायू चिमटीत धरावा.

प्रश्न : माझे वडील 82 वर्षांचे असून त्यांना विस्मरण आहे. पायांना सूज आहे आणि घोट्याच्या वर कातडी काळपट झाली आहे. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने घट्ट क्रेप बँडेज बांधावे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तपासणीआधी नको. काळपट कातडी आणि पाय वर घेतल्यावर उतरणारी सूज हे शिरांच्या बिघाडाचे लक्षण असते आणि त्यात दाबाची पट्टी उपयोगी पडते. पण त्याच पायाच्या धमन्याही अरुंद असतील, तर तीच पट्टी उरलेला रक्तपुरवठा बंद करते. म्हणून डॉप्लर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारे यंत्र) लावून घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून येणारे गुणोत्तर आधी काढून घ्या. ते 0.9 किंवा त्याखाली असेल, तर धमन्यांचा आजार आहे असे समजतात, आणि 0.5 च्या खाली दाबाची पट्टी बांधत नाहीत. वडिलांना मधुमेह असेल, तर 1.3 च्या वर आलेला आकडाही चांगला मानू नका, कारण कडक झालेल्या धमन्या दाबल्या जात नसल्यामुळे तो खोटा वाढलेला असतो. पुढे डॉक्टरांनी पट्टी सांगितलीच, तर वडील ‘घट्ट होते’ असे सांगतील यावर विसंबू नका. बांधल्यानंतर अर्ध्या तासाने आणि रात्री झोपण्यापूर्वी बोटे पाहा, आणि ती निळसर, पांढरी किंवा गार वाटली, किंवा वडील कारण न सांगता पट्टी ओढू लागले, तर ती सोडा.