रोज दिसणाऱ्याच वस्तूंचे चित्रप्रदर्शन गावात भरवले, तर ते पाहायला कोण येईल?

चुलीमागची काजळी, बैलांचे जू, दाराची कडी अशा रोजच्या आणि म्हणूनच नजरेतून सुटलेल्या तपशिलांवर आपण काही मित्र मिळून प्रदर्शन भरवू पाहता. पण ज्यांच्या घरी हे सारे आहेच, ते गावकरी कशाला येतील, असे आपण विचारले आहे. वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावी आम्ही सहा जणांनी असे प्रदर्शन समाजमंदिरात भरवले होते. मी शाळेत चित्रकला शिकवीत असे. बाकीच्यांत लग्नाचे फोटो काढणारा एक छायाचित्रकार, दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर आणि माझे तीन माजी विद्यार्थी होते. कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, होऊन लोकांना थोडी उसंत मिळाली होती. लोक आले, काही जण दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मात्र आम्ही ज्या वस्तूंवर भिस्त ठेवली होती, त्यांच्यासाठी नव्हे.

आम्ही सूप, टोपले आणि तिफणीचे चाडे, म्हणजे पेरताना बी सोडायचे भांडे, पांढऱ्या कापडावर मोठ्या हौसेने मांडले होते. त्यांच्यापुढे कोणी थांबले नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. 1938 साली सुरू झालेल्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरखे आणि ग्रामोद्योगाची साधने समजून घ्यायला आपण जातो, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांची आणि दिव्यांची कारागिरी पाहायला जातो. आमच्या सुपात मात्र पाहणाऱ्याला नवे असे काहीच नव्हते, कारण त्याने माझ्यापेक्षा त्यालाच चांगले पाखडता येत होते.

खरी गर्दी झाली ती एका भिंतीच्या छायाचित्रापुढे. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी कापूस काट्यावर मोजला जातो आणि किलोप्रमाणे मजुरी ठरते. गावातल्या एका घरी हा हिशेब सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, भिंतीवर कोळशाने लिहिलेला होता, आणि बरीच वर्षे चुना न लागल्यामुळे जुने आकडे नव्यांच्या शेजारी तसेच राहिले होते. छायाचित्रकाराने ती भिंत आहे तेवढ्याच मापात, वाढदिवसाच्या शुभेच्छा ज्यावर छापतात त्या फ्लेक्सवर छापून आणली. बायका आपापला रकाना शोधू लागल्या. एका आजींनी उतरत गेलेल्या आकड्यांवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "हे त् बोंडअळीचं साल होय." 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात केलेले नुकसान आम्हालाही ठाऊक होते, पण त्या भिंतीवर ते आम्हाला दिसले नव्हते. आपल्या लोकांना वस्तू दाखवू नका. वापराने तिच्यावर उमटलेली खूण दाखवा, कारण ती त्यांनाच वाचता येते.

याच भिंतीबाबत आमच्याकडून एक चूक झाली. घरमालकाची परवानगी आम्ही घेतली होती, पण ज्यांची नावे आकड्यांपुढे होती त्यांना विचारले नव्हते. एका बाईच्या नावापुढे उचल घेतल्याची नोंद होती. तिने सांगताच आम्ही तेवढा भाग कागद चिकटवून झाकला, पण तोवर तो निम्म्या गावाने वाचला होता.

पेंटरचे काम मला सर्वांत सरस वाटले. मॅक्स एर्न्स्ट या चित्रकाराने 1925 मध्ये लाकडी जमिनीवर कागद ठेवून, वरून घासून फळ्यांच्या रेषा उमटवल्या होत्या, हे मी वर्गात सांगत असे. आमच्या पेंटरने तीच युक्ती जुन्या जुवावर वापरली. बैलांच्या मानेने गुळगुळीत झालेला भाग कागदावर कोरा राहिला, आणि कोणत्या बाजूचा बैल जड होता यावर म्हाताऱ्यांचा वाद रंगला. चित्राखाली मी लिहिलेला परिच्छेद कोणी वाचला नाही.

उंचीचाही विचार करा. शहरातल्या दालनांत पाहिले होते म्हणून आम्ही सगळी चित्रे 5 फुटांच्या आसपास टांगली. त्यात चुलीमागच्या काजळीचे चित्रही होते, जी रांधणारी बाई बसूनच पाहते. एका मुलीने ते उतरवून जमिनीलगत टेकवले, तेव्हा बायका त्याच्यापुढे बसल्या आणि बोलू लागल्या. आणि वेळ सकाळी 11 ते 5 अशी ठेवू नका. आम्ही पहिल्या दिवशी तशी ठेवली, तेव्हा शाळेतली मुले तेवढी आली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर दार उघडे ठेवले आणि वीज गेली की बॅटरीचे दिवे लावले.